एकच टेस्ट, तीन डेटाबेस: अडत हिशेबाच्या प्रोग्रॅमवर इंटिग्रेशन टेस्ट कशा चालवायच्या

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, करणारा एक प्रोग्रॅम आहे असे समजा. शेतकऱ्याचे वजन भरले २७५ किलो, दर क्विंटलला १४,००० रुपये. क्वेरी आधी वजनाला १०० ने भागते, मग दराने गुणते. मायएसक्यूएलवर उत्तर येते ३८,५००. तीच क्वेरी, एक अक्षरही न बदलता, पोस्टग्रेसवर चालवली की येते २८,०००.

वजनाचा रकाना पूर्णांक असला की पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट भागाकारही पूर्णांकातच करतात. २७५ भागिले १०० म्हणजे त्यांच्या लेखी २. वरचे ७५ किलो सोडून दिले. मायएसक्यूएल त्याच भागाकाराचे २.७५०० देते. एरर कुठेच येत नाही, लॉगमध्ये ओळ नाही, पट्टीत मात्र १०,५०० रुपये कमी. युनिट टेस्टमध्ये हे दिसणार नाही, कारण तिथे डेटाबेसच्या जागी बनावट वस्तू बसवलेली असते. खऱ्या डेटाबेसशी बोलणारी टेस्ट, म्हणजेच इंटिग्रेशन टेस्ट, लागते, आणि गिऱ्हाईक जो डेटाबेस वापरते त्याच डेटाबेसवर.

हा लेख नव्याने कामाला लागलेल्यांसाठी आहे. उदाहरणे पायथन आणि पायटेस्ट (पायथनमधले टेस्ट चालवायचे साधन) धरून दिली आहेत, पण घोळ सगळे डेटाबेसचे असल्यामुळे जावा किंवा पीएचपीवाल्यांनाही तेच भोगावे लागतात.

आधी यादी करा

अडतीच्या प्रोग्रॅमचे साधारण असे असते. एका संगणकावरचे दुकान एसक्यूलाइटच्या एका फाइलवर सुखी असते. दोन-तीन काउंटर आणि स्वस्तातले होस्टिंग असेल तिथे मारियाडीबी सापडते. सांगली, तासगाव अशा दोन-तीन पेढ्या एकत्र चालवणारा व्यापारी पोस्टग्रेसवर असतो. प्रत्येकाची आवृत्ती लिहून काढा. ‘मायएसक्यूएल’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे.

‘मारियाडीबी म्हणजे मायएसक्यूएलच की’ हे वाक्य ऐकले की सावध व्हा. मारियाडीबी १०.५ पासून नवी ओळ घालतानाच तिचा आयडी रिटर्निंगने परत देते. मायएसक्यूएलमध्ये ती सोय नाही. मारियाडीबीतला जेसन प्रकार हे लाँगटेक्स्टचेच दुसरे नाव आहे, मायएसक्यूएलमध्ये तो वेगळा प्रकार आहे. गिऱ्हाईक दोन्ही वापरत असेल तर यादीत दोन वेगळ्या ओळी हव्यात.

आणि यादीत नसलेल्या डेटाबेससाठी टेस्ट लिहू नका. ‘उद्या कुणी ओरॅकल मागितले तर’ या काळजीने आज कुणाचेच भले होत नाही.

मशीनवर डेटाबेस उभे करणे

पोस्टग्रेस, मायएसक्यूएल वगैरे थेट विंडोजवर बसवू नका. डॉकर वापरा (त्यात प्रत्येक सर्व्हर तयार इमेजमधून उठणाऱ्या वेगळ्या कंटेनरमध्ये चालतो) आणि पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी हे तिन्ही सर्व्हर एकाच कंपोज फाइलमध्ये लिहा. इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ नको, यादीतला आवृत्तीचा आकडा घाला. नाहीतर एके दिवशी इमेज बदलते, कोडला हात न लावता टेस्ट लाल होतात आणि सगळी टीम आपल्याच कालच्या कमिटकडे संशयाने बघत बसते.

पोर्टचे एक पथ्य आहे. पोस्टग्रेसचा ५४३२ आणि मायएसक्यूएलचा ३३०६ बाहेर तसाच उघडू नका. मशीनवर आधीच एखादा सर्व्हर चालू असेल तर कंटेनर उठणार नाही. त्याहून वाईट म्हणजे टेस्ट त्या जुन्या सर्व्हरलाच जाऊन चिकटू शकतात. बाहेरून ५५४३२, ३३३०६, ३३३०७ असे आकडे द्या. मायएसक्यूएलच्या पत्त्यात ‘लोकलहोस्ट’ न लिहिता १२७.०.०.१ लिहा; लिनक्सवर बरेच क्लायंट ‘लोकलहोस्ट’ दिसले की दिलेला पोर्ट बाजूला ठेवून सॉकेट फाइल शोधायला जातात.

लॅपटॉप आठ जीबीचा असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) त्यातली निम्मी मेमरी स्वतःसाठी धरू शकते, आणि मायएसक्यूएल ८ नुसते बसून असले तरी काही शे एमबी खाते. अशा वेळी तिन्ही सर्व्हर एकदम उठवू नका, ज्यावर काम चालू आहे तेवढाच उठवा. प्रोजेक्टचे फोल्डर सी ड्राइव्हवर न ठेवता डब्ल्यूएसएलच्या लिनक्स बाजूला ठेवा. दोन्हीकडच्या फाइल ओलांडताना फार वेळ जातो.

टेस्टचा डेटा डिस्कवर राहायची गरज नसते. डेटाचे फोल्डर टीएमपीएफएसवर, म्हणजे मेमरीतच ठेवा; कंटेनर थांबला की सगळे साफ. पोस्टग्रेसला एफसिंक (बदल डिस्कवर पोचल्याची खात्री करणे) बंद करून चालवा. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर हे पाप आहे, टेस्टसाठी बिनधास्त करा. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये आवृत्ती १८ पासून डेटा फोल्डरचा पत्ता बदलला आहे, त्यामुळे १७ ची ओळ तशीच खाली डकवू नका.

सर्व्हर उठला, की उठल्यासारखा दिसला?

नवख्यांची पहिली रात्र इथे जाते. कंटेनर चालू दिसतो, टेस्ट सुरू होतात आणि पहिल्याच टेस्टला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. मग कुणीतरी दहा सेकंद थांबायची ओळ घालते. ती लॅपटॉपवर पुरते, सीआयवर (कोड चढवला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) पुरत नाही.

खरे कारण असे आहे. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्हींच्या अधिकृत इमेज पहिल्यांदा उठताना आधी एक तात्पुरता सर्व्हर चालू करतात. तो डेटाबेस बनवतो, युजर बनवतो, सुरुवातीच्या स्क्रिप्ट चालवतो आणि बंद होतो. मग खरा सर्व्हर उठतो. तात्पुरता सर्व्हर बाहेरच्या नेटवर्कवर ऐकत नाही, पण कंटेनरच्या आतल्या सॉकेटवर उत्तर देतो. त्यामुळे हेल्थचेक (सर्व्हर तयार आहे का ही तपासणी) सॉकेटवरून केला तर तात्पुरता सर्व्हरच ‘मी तयार’ म्हणून सांगतो आणि दुसऱ्या क्षणाला बंद पडतो. हेल्थचेकमध्ये होस्ट म्हणून १२७.०.०.१ स्पष्ट लिहा, म्हणजे तो टीसीपीनेच विचारेल.

मायएसक्यूएलच्या ॲडमिन पिंगचे आणखी एक आहे: पासवर्ड चुकीचा असला तरी सर्व्हर जिवंत असेल तर तो यश कळवतो. म्हणून नुसत्या पिंगवर भागवू नका. टेस्टच्याच युजरने, टेस्टच्याच डेटाबेसवर ‘सिलेक्ट १’ चालवून बघा. दर सेकंदाला एकदा, जास्तीत जास्त साठ वेळा. तोवर नाही जमले तर कंटेनरचा लॉग छापून थांबा. लॉग न छापता नुसते ‘टाइमआउट’ म्हणणारी स्क्रिप्ट कुणाच्याच कामाची नाही.

टेस्टला डेटाबेस कळवायचा कसा

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एक यूआरएल, बस. टेस्टच्या आत कुठेही ‘डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर’ अशी फांदी नको. पायटेस्टमध्ये दोन फिक्स्चर (टेस्टच्या आधी तयारी करणारी फंक्शन) पुरतात. एक पूर्ण सेशनचा, जो इंजिन (डेटाबेसशी कनेक्शन जोडून देणारा भाग) बनवतो आणि टेबल उभी करतो. दुसरा प्रत्येक टेस्टचा, जो स्वच्छ कनेक्शन देतो.

सेशनच्या फिक्स्चरमध्ये पहिलीच ओळ राखणदाराची असू द्या. डेटाबेसच्या नावाचा शेवट ‘टेस्ट’ या शब्दाने होत नसेल तर तिथेच एरर देऊन थांबा. पुढच्या ओळी टेबल पाडणार आहेत, आणि टर्मिनलमध्ये सकाळी सेट केलेला गिऱ्हाइकाचा यूआरएल संध्याकाळीही तसाच असतो.

टेबल उभी करताना मॉडेलवरून थेट बनवायचा सोपा रस्ता असतो, तो घेऊ नका. मायग्रेशन, म्हणजे टेबलांची रचना टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या स्क्रिप्ट, पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवा. गिऱ्हाइकाकडे मायग्रेशनच चालणार आहेत, आणि एका डेटाबेसवर लिहिलेले मायग्रेशन दुसऱ्यावर अडकणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. वेळ फार जात असेल तर पोस्टग्रेसवर एकदा मायग्रेशन चालवलेला डेटाबेस टेम्प्लेट म्हणून ठेवा आणि त्याच्या प्रती काढा. प्रत काढताना टेम्प्लेटवर दुसरे एकही कनेक्शन उघडे असून चालत नाही, तेव्हा आधी इंजिन बंद करा.

एसक्यूलाइटसाठी मेमरीतला डेटाबेस मोहात पाडतो. पण त्यात प्रत्येक नव्या कनेक्शनला नवा कोरा डेटाबेस मिळतो. फिक्स्चरने टेबल बनवली एका कनेक्शनवर, प्रोग्रॅमने पूलमधून दुसरे घेतले आणि एरर आली ‘असे टेबल नाही’. यावर उपाय आहेत, तरी सरळ तात्पुरती फाइल वापरलेली बरी; गिऱ्हाईकही फाइलच वापरते. आणि प्रत्येक कनेक्शन उघडताना फॉरेन की चालू करायचा प्रॅग्मा द्या. एसक्यूलाइटमध्ये तो सहसा बंद असतो. तो दिला नाही तर खाते पुसले तरी त्या खात्याच्या पट्ट्या तशाच लोंबकळत राहतात आणि टेस्ट हिरवीच.

प्रत्येक टेस्टनंतरची झाडलोट

सगळ्यात वेगवान रीत म्हणजे टेस्टच्या आधी ट्रान्झॅक्शन सुरू करायचे, टेस्ट संपली की रोलबॅक. बहुतेक ठिकाणी ही रीत चालते, पण दोन ठिकाणी घोळ होतो.

पहिला घोळ मायएसक्यूएलचा. क्रिएट, ऑल्टर, ड्रॉप किंवा ट्रंकेट यातले काहीही चालले की मायएसक्यूएल तोवरचे सगळे आपणहून कमिट करते. मग शेवटचा रोलबॅक हवेत जातो, आधीच्या टेस्टचा शेतकरी टेबलात राहतो आणि पुढची टेस्ट ‘एक खाते हवे होते, दोन सापडली’ म्हणते. ओळखायची खूण अशी: टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर चालवली की नापास. पोस्टग्रेसवर टेबल बनवणेही ट्रान्झॅक्शनमध्येच असते, म्हणून तिथे हे कधी दिसत नाही.

दुसरा पोस्टग्रेसचा. त्याच पावती नंबरची दुसरी पट्टी घातली तर एरर येते का, ही टेस्ट घ्या. एरर आली, पकडली, मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पट्ट्या मोजल्या. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटवर मोजणी नीट येते, कारण तिथे चुकलेले एक वाक्य तेवढे मागे फिरते. पोस्टग्रेस मात्र एका चुकीनंतर पूर्ण ट्रान्झॅक्शन बाद धरते आणि रोलबॅक होईपर्यंत पुढचे काहीच ऐकत नाही. चुकणारे वाक्य सेव्हपॉइंटच्या (ट्रान्झॅक्शनमधल्या परतीच्या खुणेच्या) आत ठेवा. आणि प्रोग्रॅमच्या खऱ्या कोडमध्येही हीच रचना असेल तर तिथेही सेव्हपॉइंट हवा. ही फक्त टेस्टची दुरुस्ती समजू नका.

जिथे प्रोग्रॅम स्वतःच कमिट करतो किंवा दोन कनेक्शन लागतात तिथे टेबल रिकामी करावीच लागतात. पोस्टग्रेसवर सगळी टेबल एकाच ट्रंकेटमध्ये कॅस्केडसह. मायएसक्यूएलवर फॉरेन कीची तपासणी तेवढ्यापुरती बंद करून, मग आठवणीने चालू करून. एसक्यूलाइटमध्ये ट्रंकेट नाहीच, तिथे डिलीट. रोलबॅक झाला तरी पोस्टग्रेसचा आयडी देणारा सीक्वेन्स मागे येत नाही, म्हणून ‘पहिल्या पट्टीचा आयडी १ आहे’ असे कुठल्याही टेस्टमध्ये लिहू नका.

मराठी नावांवर खास टेस्ट

परदेशी मार्गदर्शकांत हे येत नाही, आणि इथल्या प्रोग्रॅमला सगळ्यात जास्त चटका इथेच बसतो.

‘लक्ष्मीबाई’ घ्या. वाचणाऱ्याला अक्षरे चार: ल, क्ष्मी, बा, ई. युनिकोडच्या हिशेबात कोडपॉइंट दहा, कारण हलन्त आणि मात्रा स्वतंत्र मोजतात. यूटीएफ-८ मध्ये बाइट तीस. मायएसक्यूएलचे लेंग्थ फंक्शन ३० सांगते, कॅरॅक्टर लेंग्थ १०. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटचे लेंग्थ १० सांगते. आठ लांबीच्या रकान्यात हे नाव घातले तर पोस्टग्रेस एरर देते. मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये एरर देते, स्ट्रिक्ट बंद असेल तर शेपूट कापून ‘लक्ष्मीब’ ठेवते. एसक्यूलाइट लांबी बघतच नाही, पूर्ण नाव ठेवते. स्वस्त होस्टिंगवर स्ट्रिक्ट मोड बंद असलेला सापडतो, म्हणून टेस्टच्या सर्व्हरवर तोच मोड ठेवा जो गिऱ्हाइकाकडे आहे.

मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ मध्ये एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात. देवनागरी तीन बाइटमध्ये बसते, म्हणून सगळे ठीक वाटते. मग कुणीतरी व्हॉट्सॲपवरून नाव डकवते, त्याला शेवटी हात जोडलेला इमोजी असतो, त्याला चार बाइट लागतात, आणि एरर. (मोडी लिपीलाही चारच लागतात, जुनी खातेवही कुणी मोडीतच चढवायला घेतली तर लक्षात असू द्या.) यूटीएफ८एमबी४ वापरा, आणि टेबलाइतकेच कनेक्शनचेही कॅरॅक्टर सेट तपासा. टेस्टच्या नमुना डेटात एक इमोजीवाले नाव कायमचे ठेवून द्या.

इंग्रजीत लिहिलेल्या नावांची वेगळी तऱ्हा. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमांत) छोट्या लिपीतले ‘पाटील’ आणि मोठ्या लिपीतले ‘पाटील’ समान. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये बरोबरीच्या चिन्हाने ते वेगळे. युनिक नावाची टेस्ट एकीकडे लाल, दुसरीकडे हिरवी होण्याचे हे ठरलेले कारण आहे.

क्रमवारीत एसक्यूलाइट नुसता कोडपॉइंट बघते. ‘ळ’ तिथे ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेत मात्र ‘ह’च्या नंतर. पोस्टग्रेसला मराठी आयसीयू कोलेशन देता येते. क्रमवारी हीच टेस्टची गोष्ट नसेल तर निकाल पायथनमध्ये सॉर्ट करून मगच ताडून बघा. आणि ऑर्डर बाय नसलेल्या क्वेरीच्या क्रमावर विसंबूच नका. रिकाम्या (नल) नोंदी पोस्टग्रेस चढत्या क्रमात शेवटी ठेवते, बाकीचे दोघे सुरुवातीला. दर न ठरलेल्या पट्ट्यांची यादी म्हणून उलटी दिसते.

पैसे आणि वेळ

एसक्यूलाइटमध्ये डेसिमल लिहिले तरी अपूर्णांक फ्लोटमध्येच साठतो. इतकेच काय, पूर्णांक म्हणून जाहीर केलेल्या वजनाच्या रकान्यात ‘अडीच’ हा शब्द घातला तरी तो मुकाट्याने ठेवून घेतो. आवृत्ती ३.३७ पासून टेबल स्ट्रिक्ट करता येते, ते करा. रक्कम सगळीकडे रुपयांत न ठेवता पैशांतच, पूर्णांकात साठवणे हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग आहे.

आकडे गोल कुठे होतात तेही एकदा ठरवा. हमाली २.५० आली आणि पायथनच्या राउंडने गोल केली तर २ होते, कारण तो अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतो. पोस्टग्रेसचा न्यूमेरिक आणि मायएसक्यूएलचा डेसिमल ३ देतात. पट्टीच्या छापील प्रतीत एक आणि खातेवहीत दुसरे, आणि रुपयाच्या फरकावरून अर्धा तास वाद. गोल करणे एकाच जागी ठेवा आणि नेमक्या अर्ध्या रुपयाची टेस्ट लिहा.

वेळेचे थोडक्यात: कंटेनर यूटीसीवर चालतात, म्हणून पहाटे साडेपाचच्या आधीची नोंद आदल्या तारखेला जाते. मायएसक्यूएलचा डेटटाइम अंक न दिल्यास सेकंदाचा अपूर्णांक ठेवत नाही, गोल करतो. पोस्टग्रेस मायक्रोसेकंदापर्यंत ठेवते. साठवलेली वेळ जशीच्या तशी परत येते असे धरणारी टेस्ट म्हणून वेळेत सेकंदाचा अपूर्णांक असला की मायएसक्यूएलवर नापास होते.

सीआयवर

गिटहब ॲक्शन्समध्ये मॅट्रिक्स लावा, एका डेटाबेसला एक जॉब. फेल-फास्ट आपोआप चालू असते, ते बंद करा. नाहीतर एक जॉब पडला की बाकीचे अर्ध्यात तोडले जातात आणि चूक एकाच डेटाबेसची की सगळ्यांची, हे कळायचा मार्गच बंद होतो. तीन डेटाबेस गुणिले दोन पायथन म्हणजे सहा जॉब. प्रत्येक पुशला एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस, बाकी रात्री एकदा, एवढे लहान टीमला पुरते. वेळापत्रक यूटीसीत लिहायचे असते: आपल्या रात्री दीडसाठी तिथे २० वाजून ० मिनिटे.

सर्वांत घातक चूक स्किपची. लॅपटॉपवर सोय म्हणून ‘डेटाबेस सापडला नाही तर टेस्ट स्किप’ असे लिहिलेले असते. सीआयवर पासवर्डच्या नावात एक अक्षर चुकते, मारियाडीबीच्या सगळ्या टेस्ट स्किप होतात आणि जॉब हिरवा दिसतो. असे महिनोन्महिने चालू शकते. सीआयवर स्किपऐवजी नापास करा, आणि टेस्ट सुरू होताना सर्व्हरची आवृत्ती त्याच्याकडूनच विचारून लॉगमध्ये छापा. यूआरएलमध्ये मायएसक्यूएल लिहिलेय आणि उत्तर मारियाडीबीचे येतेय, हेही तिथेच उघडे पडते.

टेस्ट समांतर चालवायच्या तर प्रत्येक वर्करला वेगळा डेटाबेस द्या आणि नावाच्या मध्ये वर्करचा क्रमांक घाला, म्हणजे शेवटच्या ‘टेस्ट’वर राखणदार अडणार नाही. कनेक्शन उघडी राहिली तर पोस्टग्रेस १०० वर आणि मायएसक्यूएल १५१ वर दार लावते. हे त्यांचे मूळ आकडे. मर्यादा वाढवण्याआधी बंद न झालेले कनेक्शन शोधा.

एकाच डेटाबेसवर लाल आली तर

ती टेस्ट एकटी चालवा. एकटी पास झाली तर दोष झाडलोटीत आहे, वर दिलेल्या मायएसक्यूएलच्या घोळापासून सुरुवात करा. एकटीही नापास झाली तर इंजिनचा इको (प्रत्येक क्वेरी छापायची सोय) चालू करून तयार झालेली क्वेरी उचला आणि त्या डेटाबेसच्या कन्सोलवर हाताने चालवा. २७५ किलोची गोष्ट तिथे अर्ध्या मिनिटात दिसते, आणि दुरुस्ती म्हणजे १०० च्या जागी १००.०.

लगेच दुरुस्त होणार नसेल तर टेस्ट पुसू नका, कॉमेंटही करू नका. त्या एका डेटाबेसपुरती तिला एक्सफेलची (‘नापास होणार हे माहीत आहे’ अशी) खूण लावा, कारण एका ओळीत लिहा आणि स्ट्रिक्ट चालू ठेवा. मग ज्या दिवशी ती आपोआप पास होईल त्या दिवशी पायटेस्टच जॉब लाल करून सांगेल की खूण काढायची वेळ झाली.